पिठलं खारट झालं होतं

"माणसं मला आवडतात, मॅडम. पण तीच माणसं चार दिवस सोबत राहिली की पळून जावंसं वाटतं. माझं काही बिघडलंय का?"

माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न घेऊन येणारे बरेच असतात. कुणाला गणपतीत भरल्या घरात तसं होतं, कुणाला लग्नघरात. या वेळी विचारणारे होते साताऱ्याजवळच्या एका गावातले प्राथमिक शिक्षक. मित्र त्यांना 'गुरुजी' म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्यांची परवानगी घेऊनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

गुरुजींना नाण्यांचा नाद, त्यातही शिवराईचा. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' अशी अक्षरं असलेलं हे तांब्याचं नाणं शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालं आणि पुढे पेशवाईतही ठिकठिकाणच्या टाकसाळींत पडत राहिलं. त्यामुळे प्रकार पुष्कळ आणि नकलाही पुष्कळ. दरवर्षी जानेवारीत पुण्यात नाणेसंग्राहकांचं तीन दिवसांचं प्रदर्शन असतं, तिथे गुरुजी जातात. ते संपलं की कराड, मिरज आणि इचलकरंजीचे तीन मित्र आणि गुरुजी अशी चौकडी एकाच गाडीतून खंबाटकी घाट चढून साताऱ्यात येते आणि यवतेश्वर, कास करत बामणोलीकडे उतरते. कोयना धरणाच्या फुगवट्याच्या वर, डोंगराच्या कुशीत, एका मित्राच्या मामांचं कौलारू घर आहे. समोर शिवसागराचं, म्हणजे त्याच धरणाच्या जलाशयाचं पाणी, पलीकडे वासोटा किल्ल्याचं रान, मोबाईलला रेंज नाही. दोन रात्री शेकोटी, नाचणीची भाकरी, खर्डा, आणि प्रदर्शनात कुणी काय पटकावलं याच्या गप्पा. ऐकताना मलाच वाटलं, आपल्यालाही कुणी नेलं तर!

मागच्या खेपेला दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुजी कुणाला न सांगता उठले, पाण्याकडे उतरले आणि दुपारी एकपर्यंत परतलेच नाहीत. मित्रांनी शोधाशोध केली. एक जण उतारावर घसरला, गुडघा फोडून घेतला. गुरुजी सापडले ते एका होडीच्या सावलीत बसलेले. मिरजेचा मित्र भडकला, "आमचा कंटाळा आला असेल तर तोंडानं सांग की रे!" परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. त्यानंतर दोन महिने गुरुजींनी ग्रुपवर एक शब्द टाकला नव्हता.

माझी पहिली शंका नैराश्याची होती. निदान दोन आठवडे, दिवसातला बराचसा वेळ मन उदास असणं किंवा कशातच गोडी न वाटणं, जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडणं असं काही आहे का, ते आधी बघावं लागतं. तसं काही दिसलं नाही. शाळेत ते रमत होते, रात्री भिंग घेऊन नाणी बघत होते, वाईच्या एका संग्राहकाशी तासभर फोनवर बोलत होते.

गुरुजींचं स्वतःचं निदान मात्र तयार होतं. भाच्याने मोबाईलवर वीस प्रश्नांची चाचणी करून दिली होती आणि मामा 'इंट्रोव्हर्ट', म्हणजे अंतर्मुख ठरले होते. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख ही मांडणी केली, पण पूर्णपणे एकाच टोकाचा माणूस असतो असं त्यांनीही मानलं नव्हतं. आज मात्र हा शब्द जातीच्या दाखल्यासारखा खिशात ठेवून लोक माझ्यासमोर बसतात. दाखला मिळाला की पुढचं बघायची गरज उरत नाही, ही त्यातली खरी अडचण.

मी त्यांना एक वही दिली. त्या पाच दिवसांतला प्रत्येक तास आठवून लिहा म्हटलं. शिक्षकच ते, रेघा आखून लिहून आणलं.

प्रदर्शनाचे तीन दिवस दहा ते सात जो येईल तो म्हणणार, "गुरुजी, ही खरी का बघा हो." कडेला ओतकामाचा सांधा आहे का, पृष्ठभागावर बारीक खड्डे आहेत का, वजन किती, हे सगळं तेच बघणार. नाणं खोटं निघालं की समोरच्याचा पडलेला चेहराही त्यांनीच सांभाळायचा. मग पुण्याहून गाडी हाकायची. साताऱ्यात भाजी, तेल, काड्यापेटी घ्यायची. घराची किल्ली आणायची, चूल पेटवायची, स्वयंपाक करायचा, हिशेब ठेवायचा. पहाटे पाचला चहाही त्यांचाच. बाकीचे तिघं पाचव्या दिवशी सुट्टी घेऊन परतले आणि गुरुजी ड्यूटी करून.

साबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये कामानंतरच्या विसाव्याचे चार अनुभव सांगितले. कामातून मन सुटणं, अंग आणि मन सैलावणं, नवं काहीतरी जमल्याचं समाधान, आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणं. मी चारही वहीच्या कोपऱ्यात लिहिले आणि गुरुजींना खुणा करायला सांगितलं. त्यांनी बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग फक्त होडीच्या सावलीतल्या तासांसमोर दोन खुणा केल्या.

"म्हणजे मी माणसांपासून पळालो नव्हतो," ते म्हणाले, "चुलीपासून पळालो होतो."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण मी विचारलं, "त्या तिघांनी कधी म्हटलं होतं, सगळं तुम्हीच करा म्हणून?" गुरुजी जरा रागावले. कुणी म्हटलं नव्हतं. कराडच्या मित्राने दोनदा कांदा चिरायला घेतला होता, गुरुजींनीच सुरी काढून घेतली होती, कारण तो जाड चिरतो. आपण नसलो तर सगळं अडेल, या भावनेत एक सुखही असतं. ते सोडायला माणूस सहजासहजी तयार होत नाही. या एका मुद्द्यावर आमच्या तीन बैठकी गेल्या आणि एकीतून ते वेळेआधीच उठून गेले.

मित्रांची माफी मागायची होतीच, गुडघा त्यांच्यामुळे फुटला होता. त्यासाठी त्यांनी लांबलचक पत्र लिहून आणलं. त्यात स्वभाव, बालपण, इंट्रोव्हर्ट, सगळं आलं होतं. मी म्हटलं, एवढं कशाला? शेवटी ग्रुपवर चार ओळी गेल्या. न सांगता गेलो हे चुकलं. पाच दिवस राबून दमलो होतो आणि बोललो नाही. पुढच्या वेळी स्वयंपाक तुमचा. सकाळी मी दोन तास पाण्याकडे जाणार, आठला परत येईन. मिरजेच्या मित्राचं उत्तर आलं, "एवढंच होतं होय! आम्हाला वाटलं, तुला आमचं जेवण गोड लागत नाही म्हणून हात लावू देत नाहीस."

या जानेवारीत चौकडी पुन्हा गेली. परत आल्यावर गुरुजींचा फोन आला.

"पिठलं खारट झालं होतं, मॅडम. कांदा बोटाएवढा जाड."

"मग?"

"दोनदा उठलो होतो. परत बसलो."

"आणि सकाळी?"

"गेलो की पाण्यावर. पण साडेसहालाच परत आलो. थंडी फार होती, आणि वर चहा कोण करतंय ते बघायचं होतं."