बरणी चीनची, कायदा इथला

प्रश्न : माझे वडील मालवाहू जहाजावर इंजिनिअर होते. 1966 च्या सुमारास त्यांनी हाँगकाँगहून तीन वस्तू आणल्या : रेशमावर काढलेलं, गुंडाळून ठेवायचं एक चित्र (बहराच्या फांदीवर दोन पक्षी), नुसतीच अक्षरं लिहिलेली दुसरी एक गुंडाळी आणि झाकणाची निळी-पांढरी बरणी. आई आधीच गेली होती, बाबा गेल्या वर्षी गेले. मृत्युपत्र नाही. आम्ही दोघंच, मी आणि धाकटा भाऊ. तो टोरांटोला असतो. गेल्या महिन्यात जाताना त्यानं चित्र आणि बरणी बॅगेत घेतली. हाँगकाँगच्या एका लिलाववाल्यानं फोटो पाहून चांगली किंमत सांगितली होती. मुंबई विमानतळावर कस्टम्सनं दोन्ही वस्तू अडवल्या आणि एक पावती दिली. भावानं तिथे सांगून टाकलं की, वस्तू दीडशे वर्षांच्या आहेत. वस्तू चीनच्या, विकत घेतल्या हाँगकाँगला, पैसे बाबांचे. यात भारताचा वारसा कुठे आला? दंड भरून सोडवता येतील का? आणि घरी राहिलेल्या गुंडाळीचं काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न कोणालाही पडेल असाच आहे आणि उत्तर तुम्हाला आवडणार नाही. 1972 चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम वस्तू कुठे घडली हे विचारतच नाही, तिचं वय विचारतो. चित्र, शिल्प, नाणं किंवा कुठलीही कलाकुसरीची वस्तू किमान शंभर वर्षांची असेल तर ती पुरावशेष. मग ती पैठणला घडलेली असो की चीनमध्ये. आणि कलम 3 प्रमाणे पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला आणि सरकारनं अधिकार दिलेल्या संस्थेलाच. मालकालासुद्धा नाही.

यातली खरी मेख बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शंभर वर्षांची ही रेघ पुढे पुढे सरकत असते. बाबांनी वस्तू आणल्या तेव्हा त्यातली एखादी चाळीस वर्षांची असेल, तर त्या वेळी ती कोणालाही कुठेही नेता आली असती. कपाटात पडल्या पडल्या तिची शंभरी भरली आणि ती इथलीच झाली. पारशी घरांत पणजीचा चिनी भरतकामाचा गारा (साडी) असतो. तोही काटेकोरपणे पाहिलं तर याच व्याख्येत बसतो. लग्नासाठी लंडनला नेताना कोणी तो उघडून पाहत नाही, एवढंच.

आता दंडाचं. एरवी कस्टम्सनं माल जप्त केला की कस्टम्स कायद्याच्या कलम 125 खाली मोबदल्याची रक्कम भरून तो सोडवायची वाट असते. सोन्याच्या बाबतीत लोकांनी हे ऐकलेलं असतं, म्हणून सगळे तेच विचारतात. पुरावशेष कायद्याच्या कलम 4 नं ही वाट बंद केली आहे. वस्तू पुरावशेष ठरली तर ती सरकारजमा होणार. केंद्र सरकारकडे अर्ज करून सरकारनं वेगळा आदेश दिला तरच हे टळेल. वर दंड वेगळा, तो वस्तूच्या किमतीच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. फौजदारी बाजू त्याहून वेगळी. बाहेर नेण्याचा नुसता प्रयत्न केला तरी कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय दंड. दुसऱ्याच्या हातून पाठवलं तरी तेच. मात्र हा खटला सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय उभा राहत नाही, त्यामुळे भावाला आजच धास्ती घेऊ देऊ नका.

म्हणजे सगळं प्रकरण एका प्रश्नावर येऊन थांबतं : या दोन वस्तूंचं वय खरोखर किती? आणि इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते तेवढी लंगडी नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत चित्राच्या डाव्या कडेला, लाल शिक्क्याच्या वर, उभी ओळ आहे. माझ्या ओळखीच्या एका चिनी भाषेच्या जाणकारांना ती दाखवली. सुरुवातीची दोन अक्षरं वर्षाची आहेत, ‘वू-छन’. आपल्या पंचांगात प्रभव ते क्षय अशी साठ संवत्सरं फिरत राहतात, तसंच चिनी वर्षांचंही साठांचं चक्र आहे. नुसतं ‘वू-छन’ म्हटलं तर ते 1868 असेल, 1928 असेल किंवा 1988 असेल. बाबांनी चित्र 1966 च्या सुमारास आणलं, तेव्हा 1988 बाद. उरली दोन. 1868 असेल तर चित्र पुरावशेष, वाद संपला. 1928 असेल तर शंभरी 2028 मध्ये भरते आणि आजच्या तारखेला कलम 3 त्याला लागत नाही. साठ वर्षांच्या या फरकावर सगळं अडलं आहे, आणि तो फरक अक्षरांत दिसत नाही. चित्रकाराचं नाव, शिक्के, रेशीम, रंग, मागचं अस्तर यावरून तो तज्ज्ञानं सांगायचा.

बरणीचा घोटाळा उलट दिशेचा आहे. गडद निळ्यावर पांढरी फुलं, तडकलेल्या बर्फासारख्या रेषा आणि तळाला दुहेरी वर्तुळात चार अक्षरं. ती अक्षरं खांगशी सम्राटाची, राज्यकाळ 1662 ते 1722. हे वाचून अधिकारी दचकला असेल, आणि लिलाववाल्यानंही किंमत त्यावरच सांगितली असेल तर नवल नाही. पण चिनी मातीच्या भांड्यावरची राजमुद्रा म्हणजे जन्मदाखला नव्हे. जुन्या सम्राटाला मान म्हणून किंवा निव्वळ खपावं म्हणून पुढच्या पिढ्यांनी तीच मुद्रा सर्रास वापरली. बर्फावरच्या फुलांच्या असल्या बरण्या तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला ढिगानं झाल्या. तुमची बरणी तीनशे वर्षांची असण्यापेक्षा शंभराच्या आगेमागे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. शंभराच्या पुढे निघाली तरी याला अर्थ आहे, कारण दंड किमतीच्या पटीत असतो. खांगशी काळातली बरणी आणि नंतरची नक्कल यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मूल्यांकन मुद्रेवरून झालं असेल तर त्याला लेखी हरकत घ्या.

वयाचा हा वाद कस्टम्सच्या अधिकाऱ्यानं सोडवायचा नसतो. पुरावशेष कायद्याचं कलम 24 सांगतं की, वस्तू पुरावशेष आहे की नाही असा प्रश्न निघाला तर तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या, संचालक दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडे जातो. त्यांचा निर्णय अंतिम. म्हणून पहिला अर्ज हाच करा : दोन्ही वस्तू कलम 24 खाली तपासणीसाठी पाठवाव्यात, दोघींचा निर्णय वेगवेगळा व्हावा, आणि तपासणीच्या वेळी तुमचा प्रतिनिधी हजर असावा. ‘वेगवेगळा’ हा शब्द विसरू नका. एका पंचनाम्यात दोन वस्तू असल्या की एकीचं वय दुसरीला चिकटतं.

त्याआधी हातातली पावती नीट वाचा. ती नुसती वस्तू अडवून ठेवल्याची आहे, की कस्टम्स कायद्याच्या कलम 110 खाली जप्तीचा पंचनामा झाला आहे? जप्ती झाली असेल तर त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत कारणे दाखवा नोटीस यायला हवी. वरिष्ठ अधिकारी लेखी कारण देऊन ही मुदत आणखी सहा महिने वाढवू शकतात. मुदतीत नोटीस आली नाही तर वस्तू परत मागायचा हक्क तयार होतो. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहून ठेवा.

भावाच्या ‘दीडशे वर्षां’बद्दल. विमानतळावर दिलेला जबाब कस्टम्स कायद्याच्या कलम 108 खालचा असेल तर तो पुरावा म्हणून वापरता येतो. घरात बाबा जे कौतुकानं सांगायचे तेच त्यानं सांगितलं, हे मी समजू शकतो. आपल्याकडे प्रत्येक घरातली पितळी समई पेशवाईतलीच असते. पण आता गप्प बसू नका. हे वय ऐकीव होतं, आपल्याला त्यातलं काही कळत नाही, तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं, असं पत्र लगेच द्या. जेवढं खरं तेवढंच लिहा. ‘ही तर नक्कल आहे, बाजारातून घेतली’ असं लिहायचा मोह होईल. तसं लिहू नका, कारण पुढच्याच पानावर तुम्हाला 1966 च्या खरेदीचा कागद जोडायचा आहे. बाबांच्या कागदांत हाँगकाँगच्या दुकानाची पावती, जहाजाची नोंदवही, तेव्हाच्या कस्टम्सचा कागद, जुन्या दिवाणखान्याचा भिंतीवर ते चित्र दिसेल असा फोटो, काहीही असेल ते शोधा. बरणीच्या तळाला लाल लाखेचा लहानसा ठिपका आहे का तेही भाऊ आठवून सांगेल. चीनमधून रीतसर परवानगीनं बाहेर पडलेल्या वस्तूंवर तशी मोहोर असते, आणि पुढेमागे विक्रीची वेळ आली तर ती कामाला येते.

चित्राच्या खालच्या दांड्याची दोन टोकं कशाची आहेत? फोटोत पिवळसर पांढरी दिसतात. हाड किंवा चिनी माती असेल तर प्रश्न नाही. हस्तिदंत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. बाहेरून आलेल्या हस्तिदंताच्या व्यापारावरही 1991 च्या दुरुस्तीनं बंदी आली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती 2003 मध्ये उचलून धरली. टोकं उपटून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वस्तू अडकलेली असताना तिला हात लावणं म्हणजे नवीन गुन्हा.

घरच्या गुंडाळीकडे येतो. तिच्यात चित्र नाही, फक्त अक्षरं आहेत, म्हणून ती कदाचित जास्त अडचणीची. कलात्मक किंवा वाङ्मयीन मोल असलेलं हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांतच पुरावशेष होतं. सुलेखनाच्या गुंडाळीला हस्तलिखित म्हणायचं की कलाकृती, यावर वाद घालता येईल, पण अधिकारी पंचाहत्तरच धरेल असं समजून चाला. 1966 ला विकत घेतलेली जुनी वस्तू, म्हणजे ती रेघ तिनं बहुधा ओलांडलीच आहे. ती बाहेर नेऊ नका, कुरिअरनं तर नाहीच.

नोंदणीचं गणित निर्यातीपेक्षा वेगळं आहे. शंभरी भरलेली प्रत्येक वस्तू नोंदवावी लागत नाही, सरकारनं जाहीर केलेले प्रकारच तेवढे. कागद, कापड, रेशीम यांवरची चित्रं त्यात येतात. दगड, धातू, हस्तिदंत, लाकूड यांची शिल्पं येतात, चित्रं असलेली हस्तलिखितं येतात. चिनी मातीची बरणी येत नाही. म्हणजे बरणी न नोंदवल्याचा ठपका तुमच्यावर येणार नाही. चित्र 1868 चं निघालं तर मात्र येईल. मालकी हातात आल्यापासून पंधरा दिवसांत नोंदणी करायची असते, ती ना बाबांनी केली ना तुम्ही. त्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. बाबांचं निधन, वस्तू कशा आल्या आणि वय आजवर माहीत नव्हतं हे सगळं लिहून आपणहून नोंदणीचा अर्ज केलेला बरा.

विकायचंच असेल तर देशात विका. घरातली वारशाची एखादी वस्तू विकणं म्हणजे पुरावशेषांचा धंदा नव्हे, त्यामुळे परवाना लागत नाही. नोंदलेली वस्तू दिली की हस्तांतर मात्र कळवावं लागतं. हाँगकाँगचा आकडा विसरा. देशाबाहेर जाऊ न शकणाऱ्या चिनी वस्तूला इथे गिऱ्हाईक थोडं आणि किंमत बरीच कमी, हे सांगून ठेवतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातून आलेली चिनी दालनं आहेत. एकदा दोघं जाऊन तिथल्या बरण्या बघून या. निदान आपली कोणत्या वळणाची ते कळेल.

मालकी सरळ आहे. हिंदू वारसा कायद्यानं तुमचा अर्धा वाटा, भावाचा अर्धा. त्यामुळे कस्टम्सपुढे तुम्हीही मालक म्हणून उभ्या राहू शकता, आणि राहा. तुमचा वाटा तुमच्या माहितीनं चालला होता का, हा प्रश्न येणार आहे, त्याचं उत्तर दोघांचं एकच असू द्या. निर्णय विरोधात गेला तर आयुक्त (अपील) यांच्याकडे साठ दिवसांत अपील. प्रवाशाच्या सामानाचं प्रकरण असल्यानं पुढची पायरी न्यायाधिकरण नव्हे, केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज.

भावाला त्यासाठी परत यायची गरज नाही. टोरांटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र त्यानं तुमच्या नावे पाठवावं. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. पाकीट फेकू नका, पोचल्याची तारीख त्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून ठरते.