गुलाबाची प्रत आणि हरितगृहातील तापमान

तुम्ही हरितगृहात प्रथमच गुलाब घेत आहात, तेव्हा खतांच्या आधी तापमानाकडे लक्ष द्यावे, असे मी सुचवेन. दिवसा २४ ते २८ आणि रात्री १५ ते १८ अंश सेल्सिअस तापमान गुलाबाला साधारणपणे मानवते. उष्णता त्यापुढे गेली की कळी लवकर तयार होते खरी, परंतु पाकळ्या भरण्यास वेळ न मिळाल्याने फूल लहान राहते, दांडा आखूड व बारीक होतो आणि लाल रंगद्रव्य कमी बनल्यामुळे छटा फिकी पडते. लवकर आलेल्या तोडणीवर नवखे खूश होतात आणि तिथेच फसतात. रात्र उष्ण असेल, तर पानांनी दिवसभर तयार केलेली साखर श्वसनातच खर्च होते आणि फुलदाणीत उमलून टिकण्यासाठी लागणारा साठा फुलाकडे उरत नाही. कडाक्याची थंडीही नको. तीत कळ्या बोथट व बेढब होतात. मात्र थंडीच्या भीतीने हरितगृह रात्रभर बंद ठेवू नका, कारण सतत कोंदट हवेत वाढलेल्या पानांची पर्णरंध्रे (ज्यांतून पाण्याची वाफ बाहेर जाते ती सूक्ष्म छिद्रे) पुढे नीट मिटत नाहीत आणि तोडलेले फूल पाणी राखू शकत नाही. तोडणी सकाळी लवकर करावी व दांडे लगेच पाण्यात ठेवून २ ते ४ अंशांच्या शीतगृहात हलवावेत.