अणू, परमाणू आणि कवडशातली धूळ

आमगावकडच्या दहावीतल्या एका पोरीचा प्रश्न आहे: "पुस्तकात अणू हाय, अन् मोबाईलवरचा हिंदीवाला सर त्यालेच परमाणु म्हणते. त्याचा अणु भलताच निघते. खरं कोणतं?"

दोन्ही खरे, फक्त मिसळायचे नाहीत. मराठीतला अणू तो हिंदीतला परमाणु आणि मराठीतला रेणू तो हिंदीतला अणु. पाण्याच्या एका रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक. हेच हिंदीत सांगताना दोन्ही शब्द बदलावे लागतात. घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या गावांत हा घोळ होणारच.

परमाणू हा वैशेषिकांचा, म्हणजे प्राचीन भारतातल्या एका दर्शनाच्या पंडितांचा शब्द. ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत तो परमाणू. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू, म्हणजे डोळ्याला दिसणारा सगळ्यात बारीक कण. तो पाहायचा तर कापूस भरलेल्या खोलीत दार लावून उभं राहावं. सरकलेल्या कवेलूतून कवडसा पडतो, त्यात धूळ तरंगते, फुंकर मारली की गिरक्या घेते. त्रस म्हणजे हलणारा, रेणू म्हणजे धूळ. तुकोबांच्या 'अणुरेणियां थोकडा'मधला रेणूही हाच, रसायनशास्त्रातला नव्हे. वैशेषिकांचा सहाचा हिशेब मात्र फारच तोकडा. धुळीच्या तेवढ्याशा कणात लाखो कोटी अणू असतात.

मला मराठीची निवड पटते. 'परम' म्हटलं की याच्यापुढं काही नाही असा दावा आला, आणि तो टिकला नाही. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांना अणूच्या आतला इलेक्ट्रॉन सापडला. पुढे अणूच्या गाभ्यातला प्रोटॉनही क्वार्क नावाच्या आणखी बारीक कणांचा निघाला, दोन 'अप' जातीचे आणि एक 'डाउन'. आजवर न फुटलेले म्हणजे क्वार्क, इलेक्ट्रॉन आणि त्यांचे भाऊबंद. मूलकण शब्द त्यांच्यासाठीच राखावा. प्रोटॉनला मूलकण म्हणणं आता जुनं झालं. (अणूहून लहान कणांसाठीचा 'अवअणुकण' हा शब्द एकदा मोठ्यानं म्हणून पाहा, दोन 'अ' दाताखाली खडे येतात तसे येतात.)

विश्वाच्या १३८० कोटी वर्षांत अणूही उशिराच आले. प्रोटॉन पहिल्या सेकंदाच्या आतच झाले. पण सगळं इतकं तापलेलं होतं की इलेक्ट्रॉन त्यांच्याजवळ टिकेना. अणू जुळायला सुमारे ३,८०,००० वर्षं गेली, रेणू त्यानंतर.

लिहिताना एक पाहा: एकटा 'अणू' दीर्घ, समासात अणुबॉम्ब, अणुभट्टी ऱ्हस्व. हिंदीत तो एकटा असला तरी ऱ्हस्वच.