तुमची राजकीय मतं काय आहेत आणि राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना तुम्ही नेमकं काय पाहता?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की अमेरिकेत मतदान करणारे आपले लोक उमेदवार भारतीय वंशाचा आहे का, एवढंच बघतात असं तुम्ही ऐकलं आहे. सगळ्यांचं मला सांगता येणार नाही. माझ्यापुरतं सांगतो, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. सध्या आयोवा राज्यात सीडर रॅपिड्सला राहतो. २००४ मध्ये नोकरीवर आलो, ग्रीन कार्डाच्या रांगेत कित्येक वर्षं काढली आणि २०१८ साली नागरिक झालो. भारताचा पासपोर्ट परत करावा लागला त्या दिवशी घरी कुणी फारसं बोललं नाही.

माझं पहिलं राजकीय मत तयार झालं ते लातूरच्या आडत बाजारात. अण्णा, म्हणजे माझे वडील, सोयाबीन घालायला जायचे तेव्हा मी पोत्यांवर बसून जायचो. आडत्या भाव सांगायचा आणि वर म्हणायचा, 'शिकागो पडलंय, मी काय करू.' शिकागो म्हणजे सोयाबीनचा जगातला भाव जिथे ठरतो तो अमेरिकेतला वायदेबाजार, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पण कुठेतरी लांब काहीतरी पडतं आणि आमच्या पट्टीतले पैसे कमी होतात, एवढं पक्कं कळलं होतं. अण्णा शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभांना गेलेले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आमच्या घरात म्हणीसारखी वापरली जायची. सरकारने बाजारात हात घालून भाव पाडू नयेत, निर्यात अडवू नये, शेतकऱ्याला मोकळं सोडावं, हे मी त्यांच्याकडून घेतलं. आजही ते माझं मत आहे.

मग नशिबाने आणून टाकलं ते आयोवात, जिथे नजर जाईल तिथे मका आणि सोयाबीन. २०१८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने चीनच्या मालावर आयातकर लावला आणि उलट चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के कर बसवला. बुशेलला १० डॉलरच्या वर असलेला भाव काही आठवड्यांत साडेआठच्या आसपास आला. बुशेल म्हणजे आपले साधारण २७ किलो. सरकारने नुकसानभरपाई म्हणून आधी १२ अब्ज आणि पुढच्या वर्षी १६ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. आमच्या ओळखीचे एक वयस्क शेतकरी आहेत, गावाबाहेर त्यांची शेती आहे. ते मला म्हणाले, चेक नको आहे मला, गिऱ्हाईक परत द्या. मी त्यांना अण्णांच्या घोषणेचा अर्थ सांगितला. त्यांनी ती दोनदा म्हणून घेतली, उच्चार जमेना तरी. तरीही त्यांनी २०१६ ला ट्रम्पना मत दिलं होतं आणि २०२० लाही दिलं. त्यांच्यासाठी गर्भपाताचा प्रश्न सोयाबीनच्या वर होता, आणि ते त्यांनी मला स्पष्ट सांगितलं. तो माणूस मला प्रामाणिक वाटतो. पैशाचं नुकसान सोसून जो आपलं मत धरून राहतो, त्याला भोळा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझं दुसरं मत मात्र अण्णांकडून आलेलं नाही. ते आलं २०१६ साली, माझी मुलगी सात वर्षांची असताना. तिला टाइप-१ मधुमेह निघाला. ज्यांच्या घरात हे नाही त्यांच्यासाठी सांगतो: तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, त्यामुळे बाहेरून दिलं नाही तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि शोध लावणाऱ्यांनी त्याचं पेटंट विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकलं. त्याच औषधाच्या एका प्रचलित प्रकाराची कुपी अमेरिकेत १९९६ साली २१ डॉलरला होती आणि २०१९ पर्यंत तिची छापील किंमत २७५ डॉलरच्या घरात गेली होती. विमा असला की यातला बराच भार उतरतो. पण इथे विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की पगार जातो आणि त्याच्या मागोमाग मुलीचं औषधही.

म्हणून माझं मत हे असं दोन तोंडांचं आहे: धान्याच्या बाजारात सरकार नको, आणि औषधाच्या बाजारात सरकार हवंच. इथल्या डाव्या-उजव्या मोजपट्टीवर ते बसत नाही. बरीच वर्षं मला वाटायचं की हा माझा गोंधळ आहे. आता तसं वाटत नाही. सोयाबीन परवडलं नाही तर अण्णा पुढच्या वर्षी तूर पेरत. इन्सुलिनच्या जागी दुसरं काय घेणार?

आता निवडीकडे येतो. २०२० च्या निवडणुकीपर्यंत आयोवात कॉकस व्हायचं, म्हणजे एका हॉलमध्ये जमून उघडपणे आपला उमेदवार निवडायचा. पक्षाचा उमेदवार ठरवण्याची देशातली पहिली फेरी आयोवाची, त्यामुळे वर्षभर आधीपासून उमेदवार गावोगाव फिरायचे. शाळेच्या हॉलमध्ये, ग्रंथालयात, कुणाच्या तरी खळ्यावर दहा फुटांवरून त्यांना प्रश्न विचारता यायचा. मी आणि बायको २०१९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या जमेल तितक्या उमेदवारांना ऐकायला गेलो. कमला हॅरिस यांनी डिसेंबर २०१९ मध्येच माघार घेतली, म्हणजे आमच्यापर्यंत त्यांचं नाव पोहोचलंच नाही. त्यांची आई तमिळनाडूची याचा मला आनंद होता, नाही म्हणत नाही. पण त्या उभ्या असत्या तरी मी त्यांना इन्सुलिनचंच विचारलं असतं.

माझी पहिली पसंती एमी क्लोबुशार. शेजारच्या मिनेसोटाच्या सिनेटर, कृषी समितीवर काम केलेल्या, शेतीमालाच्या व्यापाराबद्दल बोलताना त्यांना कागद बघावा लागत नसे. मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना. तिने औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करावी, यासाठीचं विधेयक त्या आधीपासून पुढे रेटत होत्या. खाजगी विमा राहू द्या आणि शेजारी एक सरकारी विमा उभा करा, ज्याला हवा तो घेईल, अशी त्यांची मांडणी होती. मला ती शेतकऱ्याच्या मुलाला शोभेल अशी, पाऊल चाचपून टाकणारी वाटली.

बायकोची पसंती एलिझाबेथ वॉरन. त्यामागे तिचं कारण होतं. ती माझ्या व्हिसावर अवलंबून आलेली, उच्चशिक्षित, आणि तिला कितीतरी वर्षं काम करण्याची परवानगी नव्हती. २०१५ साली ओबामांच्या काळात ग्रीन कार्डाच्या रांगेतल्यांच्या जोडीदारांना ती परवानगी मिळाली तेव्हा आम्ही आधीच रांगेतून बाहेर पडलो होतो. 'नियम कोणीतरी लिहितो, आणि तो लिहिणारा माणूस बदलला की माझी दहा वर्षं बदलतात,' असं ती म्हणते. वॉरन यांचं बोलणं सगळं नियम कोण लिहितं याच्याभोवती असायचं. अगदी शेतकऱ्याला आपला ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करण्याचा कायदेशीर हक्क हवा, इथपर्यंत.

३ फेब्रुवारी २०२०, सोमवार, संध्याकाळी सात. आमच्या वॉर्डाचं कॉकस एका शाळेच्या व्यायामशाळेत होतं. लातूरच्या माणसाला सगळ्यात अवघड काय गेलं ते सांगू? मत उघड द्यायचं. अण्णांनी कुणाला मत दिलं हे आईलाही माहीत नसायचं, बोटाच्या शाईपलीकडे घरात काही यायचं नाही. इथे प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा ठरलेला, आणि तुम्ही शेजाऱ्यांच्या, सहकाऱ्यांच्या, मुलीच्या शिक्षिकेच्या डोळ्यांदेखत त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. मी एका बाजूला, बायको समोरच्या भिंतीपाशी.

नियम असा: हजर लोकांपैकी निदान १५ टक्के ज्या कोपऱ्यात नाहीत तो कोपरा बाद. तिथल्या लोकांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, किंवा इतरांना आपल्याकडे ओढून संख्या भरायची, किंवा घरी जायचं. ज्यांची संख्या भरली त्यांना त्या वर्षीपासून हलता येत नव्हतं. आम्ही तीनशेच्या आसपास होतो, म्हणजे पंचेचाळीस डोकी हवीत. आमच्या कोपऱ्यात एकोणचाळीस. पलीकडे जो बायडेन यांच्या कोपऱ्यातही संख्या अपुरी. अँड्र्यू यँग यांच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी तरुण मुलं.

त्यानंतरची पंधराएक मिनिटं मी विसरणार नाही. आमचे लोक बायडेनवाल्यांना म्हणतात तुम्ही या, ते म्हणतात तुम्ही या. माझ्या मनात दुसरी पसंती घरून ठरलेली होती: पीट बुटिजेज. क्लोबुशार यांच्या सगळ्यात जवळचा कार्यक्रम त्यांचाच. त्यांचा एक कार्यकर्ता माझ्याकडे आलाही, विशीतला, फार नम्र मुलगा. म्हणाला, आमच्या योजनेत तुम्हाला तुमचा विमा आवडत असेल तर तो तुम्ही ठेवू शकता.

त्या एका वाक्याशी मी अडलो. त्याच जानेवारीत माझ्या कंपनीने विमा कंपनी बदलली होती. नव्या कंपनीच्या यादीत मुलीचं नेहमीचं इन्सुलिन नव्हतं, दुसऱ्या प्रकारचं होतं. तीन आठवडे तिची साखर कुठेच टिकत नव्हती, रात्री दोन-दोन तासांनी उठून आम्ही ती तपासत होतो. मला माझा जुना विमा आवडत होता. तो ठेवण्याचा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. जो ठेवणं माझ्या हातात नाही तो 'ठेवा' असं मला हा मुलगा कळकळीने सांगत होता. आणि खरं सांगायचं तर क्लोबुशार यांचंही म्हणणं थेट तेच होतं. वर्षभर मी ते ऐकत होतो आणि मान हलवत होतो.

मी समोरच्या भिंतीकडे चालत गेलो. वॉरन यांनी आधीच्या नोव्हेंबरमध्ये आपली योजना दोन टप्प्यांत मांडली होती: सुरुवातीला सरकारी विम्याचा पर्याय आणि तिसऱ्या वर्षापर्यंत सगळ्यांना एकच सरकारी विमा देणारा कायदा. शिवाय बाजारात औषधाची स्पर्धाच उरली नसेल तर ते सरकारने स्वतः बनवून घ्यावं, असं त्यांचं विधेयक होतं आणि त्यात इन्सुलिनचा समावेश होता. हे मला आधीपासून माहीत होतं. माझं त्याकडे लक्ष गेलं ते मात्र पाय हलवायची वेळ आली तेव्हा.

आणखी एक उमेदवार बर्नी सँडर्स, त्यांच्याकडे का गेलो नाही, असं तुम्ही विचाराल. जुलै २०१९ मध्ये मधुमेही रुग्णांना बसमध्ये घालून ते डेट्रॉइटहून सीमेपलीकडे कॅनडात इन्सुलिन आणायला घेऊन गेले होते, आणि ती गोष्ट माझ्या काळजाला भिडलेली होती. पण कॅनडा आणि मेक्सिकोशी नव्याने झालेल्या व्यापार कराराविरुद्ध त्यांनी जानेवारीत सिनेटमध्ये मत दिलं. क्लोबुशार आणि वॉरन दोघींनी बाजूने दिलं. अण्णांचं माझ्यात जे काही आहे ते तिथे आडवं आलं. मला दोन्ही सांभाळता येतील असा एकच कोपरा त्या हॉलमध्ये होता आणि तिथे माझी बायको उभी होती. तिने काही विचारलं नाही, बाजूला सरकून जागा केली.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे, की मी उमेदवार निवडताना आता स्वतःला आधी दुसरी पसंती विचारतो. पहिली पसंती ठरवताना माणूस आपल्यासारखा कोण दिसतो, बोलतो, कुणाच्या शेजारी उभं राहिलं की बरं वाटतं हे बघतो. मीही तेच केलं: शेतीचं बोलणाऱ्या बाईंना माझं मानलं. ती काढून घेतली की आपण कशासाठी चालत जाऊ, ते तेव्हा कळतं. भारतीय वंशाचं नावही माझ्या मते याच पहिल्या पसंतीत येतं.

पुढचं थोडक्यात. त्या रात्री निकाल लागलाच नाही, मोजणी कळवण्याच्या यंत्रणेत गोंधळ झाला आणि आकडे यायला काही दिवस गेले. प्रतिनिधींच्या हिशेबात बुटिजेज किंचित पुढे, प्रत्यक्ष डोक्यांच्या मोजणीत सँडर्स पुढे, वॉरन तिसऱ्या, बायडेन चौथे, क्लोबुशार पाचव्या. मार्च सुरू होताच क्लोबुशार आणि वॉरन दोघींनीही माघार घेतली आणि उमेदवार झाले ते बायडेन. नोव्हेंबरमध्ये मी त्यांना मत दिलं. पहिल्या दिवशी ते माझ्या यादीत तिसऱ्या-चौथ्या जागी होते, पण समोरच्या बाजूने ओबामांचा आरोग्य कायदा संपूर्ण रद्द करण्याची मागणी कोर्टात सुरू होती आणि आधीपासून आजार असलेल्यांना विमा नाकारता येत नाही तो त्याच कायद्यामुळे. आयोवा आठ टक्क्यांच्या फरकाने ट्रम्पकडे गेलं. माझ्या मताने राज्याच्या सहा इलेक्टोरल मतांत काही बदललं नाही, आणि तरी पुन्हा तसंच देईन. २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरवरच्या ज्येष्ठांसाठी इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरवर आलं. माझी मुलगी त्यात बसत नाही. पण पुढच्याच वर्षी तिन्ही मोठ्या उत्पादकांनी छापील किमतीत मोठी कपात जाहीर केली, आणि तो दबाव कुठून आला हे मी विसरलेलो नाही.

डेमोक्रॅटिक पक्षाने २०२४ च्या निवडणुकीसाठी आयोवाचा पहिला क्रमांक काढून घेतला. त्या वर्षी टपालाने कार्ड आलं, एका नावापुढे खूण केली, परत पाठवलं. कोपरे नाहीत, चालत जाणं नाही, दुसरी पसंती कुणी विचारत नाही. कॉकसमध्ये रात्रपाळीवाले, लहान मुलांच्या आया आणि आजारी माणसं यांना येता यायचं नाही, हा आक्षेप खरा आहे आणि टपाल त्यांच्यासाठी बरं. मला मात्र ती व्यायामशाळा हवी होती.

२०२८ ला मुलगी एकोणीस वर्षांची असेल, तिचं पहिलं मत असेल. तिच्या यादीत पहिलं काय असेल ते मी विचारलेलं नाही. इन्सुलिन असेलच असं नाही. तिने आपण होऊन सांगितलं तर ऐकेन, नाहीतर आमच्या घरात अण्णांची पद्धत आहेच.