कोरलेलं की रचलेलं?

अगं,

गेमसाठी थ्रीडीत केलेल्या तुझ्या ड्वार्फांच्या भट्टीच्या दालनाचे अकरा स्क्रीनशॉट आणि तो दीड मिनिटाचा व्हिडिओ, दोन्ही पाहिलं. आधी एक सांगतो, मला ‘सर’ लिहू नकोस. या धंद्यात केस पिकलेल्या आर्ट डायरेक्टरलाही पोरं नावानं हाक मारतात. तुला जड जात असेल तर दादा म्हण.

काम चांगलं आहे. कॅमेरा खाली ठेवलायस ते आवडलं, भट्टीचा तांबूस उजेड ऐरणीच्या एकाच अंगाला पडतो तेही. अडकलो ते दुसऱ्या फोटोत. भिंतीला चौकोनी चिरे आहेत, सांधेमोड करून एकावर एक रचलेले, प्रत्येकाची कड नीट झिजवलेली. झीब्रशमध्ये, म्हणजे त्या थ्रीडी मूर्तिकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यावर तुझे आठवडे गेले असणार. पण हे दालन डोंगराच्या पोटात आहे ना? मग हे चिरे आले कुठून?

हा प्रश्न मुळात माझा नाही. पहिल्या नोकरीत मीही असाच ड्वार्फांचा एक हॉल केला होता, दीड महिना खपून. आमच्या लीडनं, म्हणजे टीमच्या प्रमुखानं, चहाचा कप हातात धरून स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, ‘म्हणजे यांनी डोंगर पोखरून दगड बाहेर टाकला, आणि तोच परत आत आणून भिंत बांधली?’ मी म्हटलं, फँटसी आहे. तो म्हणाला, ‘फँटसी ड्वार्फ आहेत. दगड खराच आहे.’ मला राग आला होता. हॉल तसाच पोर्टफोलिओत टाकला आणि दोन वर्षांनी गुपचूप काढला.

तेव्हापासून अशा कुठल्याही जागेत मी प्रत्येक भिंतीला, खांबाला, पायरीला हेच विचारतो: तू कोरलेली आहेस की रचलेली? रचलेल्याला सांधा असतो, कोरलेल्याला नसतो. ड्वार्फ म्हणजे फँटसीतली डोंगर पोखरून राहणारी बुटकी जमात, तेव्हा तिच्या घरात बहुतेक सगळं कोरलेलंच हवं.

पोलंडमध्ये वियेलिच्का नावाची मिठाची जुनी खाण आहे. तिच्यात जमिनीखाली 101 मीटरवर संत किंगाचं चॅपल आहे, 54 मीटर लांब. 1896 पासून पुढे कित्येक वर्षं खाणकामगारांनीच ते कोरलं. त्याच्या जमिनीचे फोटो मोठे करून बघ. वाटतं फरशी बसवलीय, पण बसवलेलं काहीच नाही. मिठाच्या सलग जमिनीत रेघा मारून फरशीचा भास केलाय. हीच गंमत तुझ्या घरापासून तासाभरावर आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, छताला लाकडी वाशांसारख्या कमानी आहेत आणि त्या सगळ्या दगडाच्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यात खऱ्या लाकडाच्या कमानी अजून शाबूत आहेत, दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

तेव्हा कोरणारा माणूसही हौसेनं सांधे दाखवतो, हे मान्य. तुला चिऱ्यांची नक्षी सोडवतच नसेल तर ठेव. पण मग सांध्यात चुना नको, एक चिरा काळा आणि शेजारचा तांबूस असं नको, आणि कोपऱ्यातला एखादा चिरा निसटलेला तर अजिबात नको. खडकातली शीर एका ‘चिऱ्यातून’ दुसऱ्यात सरळ गेलेली दिसली पाहिजे.

खांबांचंही तसंच. तुझे खांब जमिनीवर आणून उभे केल्यासारखे दिसतात, खाली चौरंग, वर टोपी. कोरलेल्या दालनात खांब कुणी उभा करत नाही, तो मागे राहतो. आजूबाजूचं सगळं काढलं आणि एवढं ठेवलं, कारण वर डोंगर आहे. किती ठेवायचं यात चूक झाली की काय होतं ते स्वीडनमधल्या फालूनच्या तांब्याच्या खाणीत दिसतं. तिथे इतकं काढलं गेलं की 1687 साली खाणीचा मोठा भाग एकदम खचला आणि प्रचंड खड्डा पडला. तो आजही आहे. सणाची सुट्टी होती म्हणून कुणी मेलं नाही. तुझ्या हॉलमध्ये एखादा खांब बाकीच्यांपेक्षा बेढब जाड ठेवून बघ, जणू कोरताना वरून आवाज आला आणि त्यांनी हात आखडता घेतला. नक्षीच्या दहा पट्ट्या जे सांगणार नाहीत ते तो एक खांब सांगेल.

मग रचलेलं काहीच नको का? हवं ना, पण कारण असेल तिथेच. पूल रचावा लागतो. दार बनवून बसवावं लागतं. खडक कच्चा लागला तिथे लाकडाचे टेकू किंवा दगडी अस्तर लागतं. असं एकच ठिकाण ठेव आणि तिथे खुशाल वेगळ्या रंगाचा दगड वापर.

आता आपल्या धंद्याची अडचण. आपण खेळ बनवतो रचूनच. चार मीटरचा भिंतीचा तुकडा, चार मीटरची जमीन, कोपरा, कमान, असं तुकड्यांचं किट करायचं आणि चौकटींच्या ग्रिडवर जुळवत जायचं. जोएल बर्जेस आणि नेट पर्कीपाइल यांचं 2013 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधलं स्कायरिम या गेमच्या किटवरचं भाषण ऐकलं नसशील तर ऐक. तोच तुकडा पुन्हापुन्हा दिसला की खेळणारा कंटाळतो, यावर ते मोकळेपणानं बोललेत. म्हणजे साधन रचण्याचं आणि दाखवायचं कोरलेलं. खरी मेहनत इथे आहे, चिऱ्यांच्या कडा झिजवण्यात नाही.

मी काय करतो ते सांगतो. दगडाचा मूळ पोत तुकड्याच्या यूव्हीवर (प्रत्येक तुकड्याच्या स्वतःच्या उलगडलेल्या नकाशावर) न लावता वर्ल्ड-अलाइन्ड, म्हणजे अख्ख्या जागेच्या मापानं लावतो. त्यामुळे खडकाचे थर आणि शिरा अख्ख्या दालनातून सलग जातात, भिंतीतून खांबात, खांबातून पायरीत. तुकडा कुठे संपला ते डोळ्याला कळत नाही. शेडर, म्हणजे पृष्ठभाग रंगवणारा प्रोग्राम, मशीनला थोडा महाग पडतो, पण एका दालनापुरतं परवडतं. नक्षी मात्र ट्रिम शीटवर (नक्षीच्या पट्ट्यांचं एक सामायिक चित्र), तिच्या स्वतःच्या यूव्हीनं. मीटरला 512 पिक्सेल धरलेस तर 2048 ची एक शीट बरोबर चार मीटर पुरते आणि तुझ्या तुकड्याच्या मापाला येऊन मिळते. तुकड्यांचे जोड खांबामागे किंवा कोनाड्याच्या खोबणीत येतील असे पाड. आणि जमीन व भिंत जिथे भेटतात तिथे सरळ काटकोन ठेवू नकोस. छिन्नी त्या कोपऱ्यात नीट पोचत नाही, थोडा दगड राहतोच. एवढा एक गोलावा दिलास की निम्मं काम होतं.

एक कोपरा अर्धवट ठेव. अजिंठ्याचं चोविसावं लेणं अपुरं राहिलंय, म्हणूनच ते मला पुऱ्या झालेल्या कित्येक लेण्यांपेक्षा जास्त शिकवतं. लेणं वरून खाली उतरत जातं. छत आधी पुरं करतात, कारण तेव्हा हात पोचतो, नंतर परांची बांधावी लागली असती. त्यामुळे अर्धवट कोपऱ्यात वर छत घोटलेलं, नक्षीसकट तयार, आणि खाली कंबरेइतक्या उंचीचे ओबडधोबड ठोकळे, मध्ये चर. तू नेमकं उलट केलंयस: जमीन चकचकीत, छत कच्चं. खालून वर बांधणाऱ्या माणसाची ती सवय आहे. (वेरूळचं कैलास आठव्या शतकात असंच कळसापासून खाली आलं, हे आपण शाळेत पाठ करतो आणि थ्रीडी करायला बसलो की विसरतो. मीही विसरलो होतो.)

टाकीचे घाव तू सगळीकडे सारखे मारलेत. युरोपातल्या जुन्या खाणींत एक पद्धत होती: खडकाला लागून लाकडं रचून जाळ करायचा, उष्णतेनं खडक तडकला की उकरायचा. फालूनला हे चालायचं, नॉर्वेतल्या काँग्सबर्गच्या चांदीच्या खाणीतही. अशा बोगद्याची भिंत गोलसर, गुळगुळीत असते, घाव जवळजवळ नाहीत, वर काजळी. तुझ्या ड्वार्फांकडे भट्टी आहे, म्हणजे जळण आहे. मागचा जुना बोगदा जाळानं काढलेला आणि पुढचं दालन छिन्नीनं घडवलेलं असं केलंस तर दोन पिढ्या एका फ्रेममध्ये येतील, आणि तुला फक्त एक वेगळा रफनेस मॅप (पृष्ठभाग किती खरखरीत ते सांगणारं चित्र) आणि काजळीची थोडी डिकल, म्हणजे वरून चिकटवायची चित्रं, लागतील.

काजळीवरून आठवलं, तुझा धूर जातो कुठे? भट्टीच्या वर सलग छत आहे, तिथले सगळे अर्ध्या तासात गुदमरतील. धुराडं काढ आणि त्यातूनच वरून थंड निळसर उजेड थोडा खाली येऊ दे. एका फटक्यात धुराला वाट आणि तुला दुसरा लाइट. मग ते चमकणारे निळे स्फटिक काढून टाकता येतील. खरं सांगू, मी आजवर इतके निळे स्फटिक पाहिलेत की आता हसू येतं. प्रकाश ठरवताना ऑटो एक्सपोजर बंद ठेव, नाहीतर अंधार केलास की गेमचं इंजिन आपणहून उजळ करणार आणि तू रात्रभर स्वतःशीच भांडणार. आणि टेक्सचर, म्हणजे रंग-पोत, लावण्याआधी सगळं राखाडी ठेवून एक रेंडर (तयार चित्र) काढ. राखाडीत दालन उभं राहत नसेल तर सब्स्टन्स पेंटर, ते टेक्सचर रंगवायचं सॉफ्टवेअर, त्याला वाचवणार नाही.

उंचीचं राहिलंच. तुझ्या व्हिडिओत ऐरण 75 सेंटीमीटरवर आहे. ती माझ्या उंचीच्या लोहाराची झाली. उभं राहून हात खाली सोडला की मुठीची हाडं जिथे येतात तिथे ऐरणीचा माथा, असा लोहारांचा ढोबळ हिशोब. ड्वार्फ 130 सेंटीमीटरचा धरला तर ऐरण 55 च्या आसपास यायला हवी. पायरी आपल्याकडे 17-18 ची असते, त्यांची 13 ची कर. अनरील इंजिनमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटीमीटर, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे टाक. हॉल खुशाल वीस मीटर उंच ठेव, या लोकांना भव्यतेची हौस आहेच. पण हाताला लागणारी प्रत्येक वस्तू खाली आण: कडी, कठडा, दिव्याचा कोनाडा, पाण्याची कुंडी. मोठं दार आणि त्यावर आपल्या मांडीच्या उंचीला लावलेली कडी, एवढ्यावर पाहणाऱ्याला कळतं इथे कोण राहतं. खेळणारा माणसाच्या उंचीचा असला तरी दार मोठं असल्यानं अडत नाही. (स्कायरिममधल्या ड्वेमर नावाच्या जमातीच्या अवशेषांचा दाखला देऊ नकोस. त्यांना ड्वार्फ म्हणतात खरं, पण ते मुळात एल्फ, आपल्याच उंचीचे.)

रून, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीची, अक्षरं भिंतभर शिंपडली आहेत, ती पुस. जुन्या रूनमध्ये आडवी रेघ सहसा नसते, कारण ती लाकडावर कोरायची आणि आडवी रेघ लाकडाच्या रेषांत हरवायची, असं सांगतात. फाँट डाउनलोड करून ‘शक्ती’ आणि ‘सन्मान’ लिहिण्यापेक्षा त्या अर्धवट कोपऱ्यात पाथरवटाच्या मापाच्या चार खुणा काढ.

संदर्भासाठी दुसऱ्या गेमचे फोटो कमी कर. तुझ्या बोर्डवर चाळीसातले बत्तीस तेच आहेत, म्हणजे कुणीतरी आधीच पचवलेलं तू पुन्हा जेवतेयस. जर्मन विद्वान अग्रिकोला याचा खाणकामावरचा लॅटिन ग्रंथ 1556 साली छापला गेला, त्यात शेकडो लाकूडठशांची चित्रं आहेत: रहाट, भाते, शिड्या, पाणचक्क्या. एक पाणचक्की तर दोन्ही दिशांना फिरणारी आहे, माल वर-खाली करण्यासाठी. इंग्रजी भाषांतर 1912 चं आहे, हर्बर्ट हूवर आणि त्यांच्या पत्नी लू यांनी केलेलं. होय, तेच हूवर, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले. मूळचे खाण इंजिनिअर. चित्रं नेटवर सहज मिळतात.

पसारा मात्र वाढवू नकोस. तू सिंहासन, बाजार आणि पूल असं तिन्ही करणार म्हणालीस. भट्टीचं एक दालन कर, मागे तो बोगदा, बस. नॅनाइट (अनरीलची अतिबारीक मॉडेल पेलणारी सोय) आहे म्हणून मोठे खडक थेट झीब्रशमधून आणलेस तरी चालेल, पण ऐरण तेवढी हाय पोली (बारीक मॉडेल), लो पोली (हलकं मॉडेल), बेक (बारकावे हलक्यावर उतरवणं) असं सगळं नीट करून दाखव. मुलाखत घेणारा वायरफ्रेम, म्हणजे मॉडेलची नुसती जाळी, मागतोच. मेगास्कॅन्समधलं, म्हणजे खऱ्या वस्तू स्कॅन करून केलेल्या तयार संग्रहातलं, जे वापरशील ते वर्णनात लिही. लपवलेलं ओळखू येतं, आणि मग स्वतः केलेल्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

पुढच्या आठवड्यात काँप्युटर बंद ठेव आणि वेरूळला जा. मंगळवारी बंद असतं. सकाळी लवकर पोच, सोबत टॉर्च आणि शिवणकामाची टेप घे. मूर्तींचे फोटो सगळेच काढतात, तू जमीन आणि भिंत भेटते तो कोपरा काढ, खांबाचं बूड काढ, एकच शीर भिंतीतून मूर्तीच्या खांद्यातून पुढे गेलेली सापडते का बघ. कोरीव कामाला हात लावू नकोस, टॉर्च तिरपा धरलास की घाव आपोआप दिसतात. पायऱ्यांची उंची मोजून ठेव, प्रत्येक वेगळी निघेल. ते आकडे मला आधी पाठव, नवा ब्लॉकआउट, म्हणजे दालनाचा कच्चा आराखडा, नंतर.

– दादा