हिमोफिलियाच्या मुलाची फॅक्टर टेस्ट बोटातल्या रक्तावर का करत नाहीत, आणि दोन लॅबचे आकडे वेगळे का येतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की लेकरू ४ वर्षाचं आहे, हिमोफिलिया ए आहे (म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर आठ हे प्रथिन कमी असतं), एका लॅबने फॅक्टर आठ १ टक्क्याच्या खाली दाखवला आणि दुसरीने ३ टक्के, मग खरा कुठला, आणि शिरेतून काढताना एवढं रडतं तर बोट टोचून का घेत नाहीत. मी सोलापुरात लॅब टेक्निशियन आहे, लहान पोरांचं रक्त काढणं रोजचंच काम, म्हणून सांगतो, अशा टेस्टमधली बरीचशी गडबड सॅम्पल मशीनपर्यंत पोचायच्या आधीच झालेली असते.

आधी बोटाचं. बोट टोचलं की रक्त फाटलेल्या पेशींतून वाट काढत बाहेर येतं, त्या पेशींत टिश्यू फॅक्टर असतो आणि त्याचं कामच मुळी रक्त गोठायला सुरुवात करून देणं. त्यात थेंब यावा म्हणून आपण बोट पिळतो, मग पेशींतलं पाणीपण मिसळतं. अशा रक्तात फॅक्टर किती हे मोजून काही उपयोग नाही. हिमोग्लोबिन, सीबीसी, शुगर हे बोटातून चालतं, त्यासाठी उगाच शीर शोधू देऊ नका, फक्त नंतर कापूस ५ मिनिटं तरी नीट दाबून धरा, चोळू नका.

फॅक्टरसाठी मात्र शीरच, निळ्या झाकणाची सायट्रेटची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) ट्यूब, आणि ती खुणेपर्यंत भरलेली. ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट असा हिशोब असतो, लहान ट्यूबमध्ये १.८ मिली रक्त लागतं. पोरगं हात ओढतंय म्हणून अर्धीच भरली आणि तशीच पाठवली तर सायट्रेट जास्त होतं, एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ मोजायची टेस्ट) वाढलेला येतो आणि फॅक्टर आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. बटरफ्लाय सुई असेल तर नळीतली हवा आधी ट्यूबमध्ये जाते आणि ट्यूब कमी भरते, म्हणून पहिली एक ट्यूब टाकून द्यायची असते. जांभळ्या झाकणाची ट्यूब नेहमी निळ्यानंतर, कारण त्यातलं ईडीटीए हे रसायन निळीत गेलं की आकडा बिघडतो. आणि सुई आत ठेवून इकडून तिकडून शीर शोधत बसले, रक्त थेंब थेंब आलं, तर ते तिथंच गोठायला लागतं आणि मग फॅक्टर खोटा कमी किंवा खोटा जास्त, दोन्ही येऊ शकतं. अशा वेळी सुई काढा, दुसरा हात बघा म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, कुणी चिडलं तरी म्हणा. मांडीच्या किंवा मानेच्या खोल शिरेतून घेऊ म्हणाले तर आधी तुमच्या हिमोफिलियाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. रडण्यावर बधिर करायचं मलम मिळतं, डॉक्टरांना विचारून तासभर आधी लावा, खूप फरक पडतो.

आता १ आणि ३ चं. मला पहिली शंका वेळेची येते. फॅक्टर आठ वजनाच्या दर किलोला १ युनिट दिला की पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते, म्हणजे २५ युनिटने ५० टक्के. दर १० तासाला तो निम्मा होतो असं धरा (लहान पोरांत थोडा लवकरच), तर ४० तासांनी ३ टक्के उरतो. म्हणजे परवा फॅक्टर दिला असेल तर रिपोर्टमधले ३ टक्के हे बाटलीतले असू शकतात, पोराचे स्वतःचे नाहीत. आणि १ च्या खाली सिव्हिअर (तीव्र), १ ते ५ मॉडरेट (मध्यम), त्यामुळे हा फरक साधा नाही, त्यावर प्रोफिलॅक्सिस (रक्तस्राव होऊ नये म्हणून आधीच नियमित डोस) द्यायचा का नाही हे ठरतं. मूळ पातळी बघायची तर फॅक्टर दिल्यानंतर निदान ३ दिवस जावे लागतात, पण डोस स्वतःहून थांबवू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच. एमिसिझुमॅब (फॅक्टर आठचं काम करणारं इंजेक्शन) चालू असेल तर अजून वेगळं, त्यात नेहमीच्या पद्धतीने फॅक्टर आठ काढला तर खोटाच जास्त येतो आणि एपीटीटीपण नॉर्मल दिसतो, तिथे बोव्हाईन (गाईच्या) रिएजंटची क्रोमोजेनिक, म्हणजे रंगावरून मोजायची टेस्ट लागते. हे लॅबला आधीच सांगा, चिठ्ठीवर लिहिलेलं असेलच असं धरून चालू नका.

दुसरी शंका प्रवासाची, आणि आपल्याकडे ही फार खरी आहे. सॅम्पल ४ तासांच्या आत, खोलीच्या तापमानाला टेस्ट व्हायला पाहिजे. मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत अक्कलकोट किंवा बार्शीवरून कुणीतरी गाडीच्या डिकीत टाकून आणलेली ट्यूब, तिच्यात फॅक्टर आठ टिकत नाही, तो नाजूक असतो. आणि उन्हाची भीती म्हणून बर्फात घातली तरी चुकीचंच, थंडीनेसुद्धा फॅक्टर आठ घसरतो. पुण्या-मुंबईला पाठवायचं असेल तर इथेच मशीनमध्ये फिरवून प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) वेगळा काढून, गोठवून, ड्राय आईसमध्ये पाठवावा लागतो, वाटेत वितळला की संपलं. त्यामुळे जमत असेल तर सॅम्पल पाठवण्यापेक्षा सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने लेकराला घेऊन पुण्यालाच जा, जिथे टेस्ट होते तिथेच रक्त द्या. त्रास आहे मला मान्य आहे, पण एकदा नीट काढलेलं सॅम्पल तीनदा टोचण्यापेक्षा बरं.

दोन्ही रिपोर्टवर सॅम्पल काढल्याची वेळ असते, ती बघा आणि त्याआधी शेवटचा फॅक्टर कुठल्या दिवशी, किती वाजता, किती युनिट दिला आणि लेकराचं वजन किती ते इथे लिहा, म्हणजे ३ टक्के उरलेल्या फॅक्टरमुळे आले असतील का ते काढून सांगतो.