कुरकुर, गाऱ्हाणं आणि उपकारस्तुतीची वही

सलाम ताई,

तुम्ही विचारलंत की रोज वचन वाचूनही दिवसभर तोंडातून तक्रारच का निघते: सासूबाई, नळाचं पाणी, मंडळीची कमिटी. उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार लिहायची, वही सुरू केलीत, ती ‘जीवन, आरोग्य, कुटुंब’ यावर अडकून दहा दिवसांत बंद पडली. आणि देवाजवळ रडणं हेही पापच का, हा तिसरा प्रश्न. आधी तिसराच घेऊ, कारण तो सुटल्याशिवाय वहीचं काही खरं नाही.

पवित्र शास्त्रातल्या गणना पुस्तकाचा 11 वा अध्याय काढा. त्या एका अध्यायात दोन तक्रारी आहेत. मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटलेल्या इस्राएली लोकांना मान्न्याचा, म्हणजे रानात देवाने रोज दिलेल्या अन्नाचा, कंटाळा आलाय आणि मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून ते रडताहेत. मासे तर म्हणे फुकट मिळायचे! विटा थापल्या, मुकादमांचा मार खाल्ला, तान्ही पोरं नदीत टाकली गेली, ते सगळं विसरलं आणि कांदा तेवढा लक्षात राहिला. कुरकुर अशीच ओळखायची. तिचा हिशेब नेहमी खोटा असतो.

त्याच अध्यायात त्यांचा पुढारी मोशेही वैतागलाय, आणि त्याची भाषा लोकांपेक्षा कडक आहे. या लोकांना मी का पोटात वाढवलं होतं, हा भार एकट्याला झेपत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक, असं तो सरळ देवाला म्हणतो. देव त्याला रागावत नाही. सत्तर वडील निवडून भार वाटून देतो. लोक मात्र आपापल्या डेऱ्याच्या दाराशी बसून एकमेकांना ऐकवत होते. मोशे ज्याला ऐकवायचं त्यालाच ऐकवत होता. दोन तक्रारींतला फरक एवढाच, पण तोच सगळा आहे. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेतच: पाठीमागे ती कुरकुर, समोर जाऊन मांडलं ते गाऱ्हाणं. स्तोत्र 142 मध्ये दावीद गुहेतून देवापुढे गाऱ्हाणंच मांडतो. त्यामुळे देवाजवळ रडणं पाप नाही. उलट ते बंद केलं की तेच रडणं ओट्याशी आणि व्हॉट्सअॅपवर निघतं.

आता कामाचं बोलू. पहिला आठवडा उपकारस्तुती लिहूच नका. दोनशे पानी साधी वही घ्या, पानावर तीन रकाने पाडा: तक्रार काय, कोणाला सांगितली, कोणाला सांगायला हवी होती. दिवसातून दोनदा भरा, दुपारी आणि रात्री. एका ओळीत एकच तक्रार, स्पष्टीकरण नको. स्वतःला सुधारायचा प्रयत्नही या आठवड्यात नको, नाहीतर नोंदी कमी होतात आणि आपण सुधारलो असं वाटायला लागतं.

तिसरा रकाना भरताना बहुतेकांना धक्का बसतो. कमिटीबद्दलची तक्रार बहिणीला, सासूबाईंबद्दलची शेजारणीला, पाण्याची नवऱ्याला. म्हणजे ज्याच्या हातात काही नाही त्यालाच सांगितलेली. पाण्याची तक्रार नगरपालिकेत लेखी द्यायची असते, तिला कुरकुर म्हणून स्वतःला दोष देऊ नका. कमिटीचं सेक्रेटरींना किंवा पाळकांना. माणसाने आपला अपराध केला असेल तर मत्तय 18:15 प्रमाणे आधी त्याच्याशी एकांतात. जे कोणाच्याच हातात नाही ते देवाला.

इथे कोणीतरी फिलिप्पै 2:14 पुढे करेल, सर्व काही कुरकुर न करता करा. बरोबर आहे. पण त्यातला ‘कुरकुर’साठीचा मूळ ग्रीक शब्दच प्रेषितांची कृत्ये 6:1 मध्ये आहे. (कानाला तोही आपल्या ‘कुरकुर’सारखाच, आवाजावरून पडलेला.) तिथे ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, म्हणून कुरकुर झाली. प्रेषितांनी त्यांना ‘उपकारस्तुती करा’ म्हणून गप्प बसवलं नाही. सात माणसं नेमून वाटपच नीट केलं. हा भाग कमिटीवाल्यांनीही वाचायला हरकत नाही.

देवाकडे न्यायच्या तक्रारींसाठी स्तोत्र 13 चा साचा वापरा. सहाच वचनं आहेत: दोन गाऱ्हाण्याची, त्यात चार वेळा ‘कोठवर’, मग दोन मागणीची, मग दोन भरवशाची. तुमच्या तिसऱ्या रकान्यातली एकच ओळ घ्या आणि तशाच सहा ओळी लिहा. पहिल्या दोन ओळी गुळमुळीत लिहू नका. ‘प्रभू, घरात थोडा त्रास आहे’ असं नको, ‘आज पाहुण्यांसमोर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, मला अपमान वाटला’ असं लिहा. दुसऱ्या जोडीत नेमकं मागा: उद्या बोलताना शब्द, किंवा गप्प बसायची ताकद. शेवटच्या दोन ओळी काही दिवस सुचणारच नाहीत. तर जागा कोरी ठेवा. स्तोत्र 88 शेवटपर्यंत अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून उपकारस्तुती, त्याच वहीत मागच्या बाजूने. रोज तीन ओळी, जास्त नाही. दहाचा नेम केला की चौथ्या दिवशी ‘ऑक्सिजन’ लिहावं लागतं. प्रत्येक ओळीत काय मिळालं, कोणाच्या हातून आणि केव्हा हे तिन्ही हवं. ‘कुटुंबाबद्दल’ ही ओळ चालणार नाही. ‘सकाळी सहाला पाणी आलं तेव्हा सासूबाईंनी मला न उठवता पिंप भरून ठेवलं’ ही चालेल. आणि तीस दिवस एकही ओळ पुन्हा लिहायची नाही. या एका अटीमुळेच नजर बदलते, कारण संध्याकाळी काहीतरी नवं लिहायचंय म्हणून माणूस दुपारपासून बघायला लागतो. तुमची वही बंद पडली ती श्रद्धा कमी पडल्याने नव्हे, ओळी मोघम होत्या म्हणून. मोघम गोष्टीबद्दल तीच प्रार्थना फार दिवस मनापासून होत नाही. वेळ अंथरुणावरची नको, जेवणानंतर आणि कौटुंबिक प्रार्थनेच्या आधीची पाच मिनिटं घ्या.

वसईकडच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक मैत्रिणी असतील तर त्यांना संत इग्नेशियसच्या आत्मपरीक्षणाबद्दल विचारा. त्यात पाच पायऱ्या आहेत आणि सुरुवात पापांच्या यादीने होत नाही, मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानून होते. आपण प्रोटेस्टंट घरांत बहुधा उलट क्रमाने जातो आणि पापांपाशीच दमतो.

मुलं असतील तर स्तोत्र 136 घ्या. 26 वचनं, प्रत्येकाच्या शेवटी ‘कारण त्याची दया सनातन आहे’. एकाने पहिला अर्धा भाग वाचायचा, बाकीच्यांनी ध्रुवपद. आठवड्यातून एकदा, शनिवारी, संपल्यावर प्रत्येकाने घरची एक ओळ जोडायची: ‘गॅस संपला तेव्हा वरच्या काकूंनी सिलिंडर दिला, कारण त्याची दया सनातन आहे.’ मुलं हसतील. हसू द्या.

जेवणाआधीची प्रार्थना पाठ झाली असेल तर दिवसातून एकदा जेवणानंतरही करा. पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (8:10) खाऊन तृप्त झाल्यावर देवाला धन्यवाद द्यायला सांगितलंय, आणि पुढेच इशारा आहे की पोट भरलं, घरं बांधली की माणूस विसरतो. आणि भाकरी करणारीला विसरू नका. आपल्याकडे घरच्या माणसाला ‘आभारी आहे’ म्हटलं तर ते परकं वाटतं, ‘थँक्यू’ तर टोमणा वाटू शकतो. ‘आज भाकरी मऊ झालीये’ म्हणा, पोचतं.

आता घसरायच्या जागा. सर्वांत फसवी तुलनेची: ‘निदान आपलं त्यांच्यासारखं नाही, प्रभूचे आभार.’ लूक 18 मधल्या परूश्याची, म्हणजे स्वतःला इतरांपेक्षा धार्मिक समजणाऱ्याची, प्रार्थना अशीच आभाराने सुरू होते. तुमच्या तीन ओळींत दुसऱ्याचं दुर्दैव आलं तर ती ओळ खोडा. प्रार्थना सभेतली दुसरी: ‘अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी काय चाललंय माहितीये ना’. ही कुरकूरच, फक्त डोक्यावर पदर घेतलेली. उपकारस्तुतीच्या अर्पणाचं पाकीट देताना ‘आता पुढचंही काम होईल’ हा हिशेब मनात आला, तर तो सौदा झाला.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. 1 थेस्सलनीका 5:18 ‘सर्व स्थितीत’ उपकारस्तुती करा म्हणतं, प्रत्येक स्थिती चांगली आहे असं म्हणत नाही. इफिस 5:20 मध्ये ‘सर्व गोष्टींबद्दल’ आहे हे खरं, पण त्याच अध्यायात 11 व्या वचनात अंधाराची कामं उघडी पाडायलाही सांगितलंय. म्हणून नवऱ्याचा मार, दारू, हुंड्याचा छळ याबद्दल कोणत्याही बाईला ‘आभार मान’ असं सांगू नका. तिला सुरक्षित जागा आणि कायद्याची मदत लागते. तसंच दोन आठवडे झोप-भूक गेली असेल, कशातच रस नसेल, तर वहीच्या आधी डॉक्टर.

सासूबाईंचं शेवटी ठेवलं, कारण ते सर्वांत हळू होतं. महिनाभर तुमच्या तीन ओळींपैकी आठवड्यातून किमान दोन ओळी त्यांच्याबद्दलच्या असू द्या, खऱ्या, ओढूनताणून नाहीत. काहीच सापडलं नाही तर तो आठवडा तसाच जाऊ द्या. पण सापडलेली ओळ त्यांना त्याच दिवशी सांगा, पुढे ‘पण’ न जोडता. आणि मध्ये चार दिवस वही राहिली तर मागचे दिवस भरत बसू नका. आजची तारीख टाका आणि आजच्या तीन लिहा.